हानुसच्या वडिलांचा वाटा

हानुस, ते पार्सल फ्राऊ क्लेटनं फेकलं नव्हतं. मी फेकलं होतं.

हे वाक्य तुझ्या हयातीत मी किती वेळा मनात जुळवलं असेल. तुझ्या घराच्या जिन्यावर जुळवलं, परत येताना गाडीत जुळवलं, गेल्या हिवाळ्यात हॉस्पिटलमध्ये तुझ्या खाटेशी बसूनही जुळवलं. तेव्हा तू डोळे किलकिले करून म्हणालास, "मगदूम, ओठ काय हलवतोयस? माझ्यासाठी प्रार्थना करत असशील तर मोठ्यानं कर. देव माझ्याच वयाचा आहे, त्यालाही कमी ऐकू येतं." मी हसलो, तुझी उशी सारखी केली आणि सहाच्या बसनं घरी आलो.

तीन आठवड्यांपूर्वी नेकारसुल्मला तुला निरोप दिला. दफनभूमीतून परतल्यावर कॉफी आणि केक होता. मला ओंकल, म्हणजे काका म्हणणारी तुझी मुलगी मार्युन माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ओंकल, तुम्ही तिथं होतात. मुलांना फ्राऊ क्लेटची गोष्ट सांगा ना, पपा सांगायचे तशी." आणि मी सांगितली. तुझ्यासारखे कमरेवर हात ठेवले, तुझ्यासारखाच तिचा घोगरा आवाज काढला, "हा वास तरी जाईल, नाहीतर मी तरी!" सगळे हसले. तुझी नात लेना रडून लाल झालेले डोळे पुसत हसली. तुला मातीत ठेवून दोन तासही झाले नव्हते, आणि मी तुझ्याच घरात, तुझ्याच माणसांपुढे, साठ वर्षांहून जुनं खोटं पुन्हा एकदा गरम करून वाढलं.

म्हणून हे लिहितो आहे. तुला वाचता येणार नाही अशा भाषेत लिहितोय, हेही भित्रेपणाचंच लक्षण असेल. पण ज्या भाषेत मी तेव्हा स्वतःची समजूत घातली, त्याच भाषेत तुझ्यापुढेही कबूल व्हावं असं वाटलं.

पन्नासच्या दशकातलं ते हायडेलबर्ग. मी वारणाकाठच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला आलेला. तू फॅरो बेटांवरून आलेला. ही बेटं कुठं आहेत हे मला माहीत नव्हतं; तू टेबलावर पाणी सांडून बोटानं नकाशा काढलास, इकडे स्कॉटलंड, तिकडे आइसलँड, मध्ये आम्ही, वाऱ्याच्या तोंडाशी. बेटांवर डेन्मार्कचं राज्य, म्हणून वसतिगृहात सगळे तुला डेनिश म्हणत आणि मला 'दास गांधीश्ये', छोटा गांधी, की असंच काहीतरी. आपली मैत्री बहुतेक त्यातूनच झाली. दोघांनाही कुणी नीट नावानं हाक मारत नव्हतं.

कांदा-बटाट्याचा नियम मी जहाजातच सोडला होता. पण मांस-अंडं नाही आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही, हे दोन नियम आईला शब्द देऊन आलो होतो. डिसेंबरात तिथं साडेचारला सूर्य मावळे आणि वसतिगृहाचं स्वयंपाकघर उघडे सहाला. पहिल्या हिवाळ्यात मी दुपारच्या पावावर दुसऱ्या दिवसापर्यंत काढत होतो. तुझ्या ते लक्षात आलं. तू मला न विचारता फ्राऊ क्लेटकडे गेलास. ती आपलं वसतिगृह सांभाळणारी बाई, युद्धात नवरा गेलेली, आजारी बहिणीला घेऊन तळघरातल्या खोलीत राहणारी. तू तिला काय सांगितलंस कोण जाणे. दुसऱ्या दिवशी चारला दार वाजलं, ती स्वयंपाकघर उघडून द्यायला आली होती. हातात किल्ल्या. "हेर मगदूम, चला. सूर्य काही माझ्यासाठी थांबणार नाही."

ती कुरकुरत यायची, पण रोज यायची. मी जेवत असताना कपाटं पुसत बसायची आणि विचारायची, "तुमच्या आईला माहितेय का, तुम्ही इतके बारीक झालात ते?"

माझ्या जेवणात काय असे? पाव, उकडलेले बटाटे, कोबी, आणि मार्गारिन. लोणी परवडत नव्हतं. मार्गारिन म्हणजे वनस्पती तूप, असं मी धरून चाललो होतो. आमच्याकडच्या डालड्यासारखं काहीतरी. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यानं पाकिटात काय आहे हे तपासू नये, ही चूक माझ्यासारखाच करू जाणे. वनस्पती हा शब्द मीच मनानं त्या पाकिटावर चिकटवला होता.

देवमाशांवरून आपलं भांडण झालं ते दुसऱ्या वर्षी. तू वसतिगृहाच्या बैठकीत तुझ्या गावचे फोटो दाखवलेस. होड्यांची रांग, खाडीत शिरलेला काळ्या देवमाशांचा कळप, कमरेइतक्या पाण्यात उभे पुरुष. फोटो काळे-पांढरे होते, तरी पाण्याचा रंग कळत होता. मी उठून बाहेर गेलो. तू मागोमाग जिन्यात आलास.

"तुझे वडील यात आहेत?" मी विचारलं.

"तिसऱ्या होडीत. टोपीवाले."

"आणि तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. लहानपणी दोन रात्री झोप लागली नव्हती. मग वडिलांनी मला वाटा पोचवायला पाठवलं, आमच्या गावच्या पांगळ्या म्हाताऱ्याकडे. तो होडीत येऊ शकत नाही, पण त्याचा वाटा असतोच. विधवेचा असतो, शाळामास्तरांचा असतो. विकत कुणी घेत नाही, विकत कुणी देत नाही. आमच्या खडकावर गहू उगवत नाही, मगदूम."

"जीव घेणं ते घेणंच."

"जा," तू जर्मनमध्ये होकार दिलास, "ते खरंच आहे." मग विचारलंस, "तुमच्या गावात विहिरी किती?"

"का?"

"त्या दिवशी तू म्हणालास, काही लोकांची विहीर वेगळी असते. उन्हाळ्यात त्यांची आटली तर तुमच्या विहिरीवर येतात का ते?"

मी म्हणालो, तो विषय वेगळा आहे. तू म्हणालास, "गेनाऊ, अगदी बरोबर. प्रत्येकाचा विषय वेगळाच असतो." आणि खिशातून सफरचंद काढून अर्धं मला दिलंस. मी ते घेतलं, पण त्या रात्रभर तुझा राग करत राहिलो.

त्या शरद ऋतूत तुझे वडील मासेमारीच्या होडीसकट समुद्रात बुडून गेले. तू गावी जाऊ शकला नाहीस. तिकिटाइतके पैसे नव्हते, आणि पुरायलाही काही सापडलं नव्हतं. तू तीन दिवस खोलीतून बाहेर आला नाहीस. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेत आलास आणि काचेची नळी वाकवत बसलास. मी शेजारी बसलो. तू म्हणालास, "बोलू नकोस, नुसता बस." मी त्या दिवशी जितका चांगला मित्र होतो, तितका नंतर कधी झालो नाही.

डिसेंबर लागला. तू इन्स्टिट्यूटच्या कामासाठी दोन आठवडे झिंडेलफिंगेनला गेलास. त्याच आठवड्यात आमच्या प्राध्यापकांनी मेदाच्या रसायनावर व्याख्यान दिलं. द्रव तेलातून हायड्रोजन सोडून त्याचं घट्ट मार्गारिन कसं होतं, हे फळ्यावर काढताना ते सहज म्हणाले, देशात सध्या यासाठी देवमाशाचं तेल भरपूर येतं, दक्षिण समुद्रातून. वर्गातल्यांनी लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

अडीच वर्षं, हानुस. रोज, सूर्यास्ताच्या आत, आईला दिलेला शब्द पाळत.

मी वर्गातून बाहेर पडलो. आणि मग आठवलं, एकदा तू माझ्यासमोर ते पाकीट हातात घेऊन बराच वेळ वाचलं होतंस आणि काही न बोलता परत ठेवलं होतंस. तुझा मामेभाऊ दक्षिण समुद्रातल्या देवमाशांच्या जहाजावर होता. तुला माहीत नसणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, तू माझी मजा बघत होतास. तुझ्या खाडीवरून तुला खुनी ठरवणारा मी, आणि माझ्या पावावर काय फासलंय हे जाणून गप्प बसणारा तू.

दोन दिवसांनी तुझ्या आईचं पार्सल आलं. कापडात शिवलेलं, सुतळीनं बांधलेलं. वाळवलेल्या मांसाचा वास सगळ्या जिन्यात भरला. फ्राऊ क्लेटनं ते उचलून थंड कोठीत नेऊन ठेवलं आणि संध्याकाळी सगळ्यांना ऐकू जाईल असं ते वाक्य बोलली, जे तू पुढे आयुष्यभर सांगितलंस.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून मी थंड पाण्यानं आंघोळ केली. कोठीतून ते पार्सल घेतलं, कोटाखाली धरलं आणि नेकार नदी ओलांडून पलीकडच्या काठानं बंधाऱ्याखाली गेलो. धुकं होतं. मी तिथं उभा राहून नवकार मंत्र म्हटला. मला खरोखर वाटत होतं की मी त्या मुक्या जिवाचे अंत्यसंस्कार करतोय. पार्सल पाण्यात सोडलं. ते लगेच बुडालं नाही. बरंच अंतर वाहत गेलं, मी बघत राहिलो. परत येऊन पुन्हा आंघोळ केली. पोटातलं मला काढता येत नव्हतं, म्हणून कोठीतलं काढलं. एवढाच त्याचा अर्थ होता, पण तेव्हा मी त्याला धर्म म्हणत होतो.

तू आलास तो आईचं पत्र खिशात घेऊनच. स्वयंपाकघरात, कोट न काढता म्हणालास, "माझं पार्सल कुठंय?" आणि मग पत्र वाचून दाखवलंस, एकेक ओळ जर्मनमध्ये करत. उन्हाळ्यात खाडीत कळप आला होता. बाबा होडी घेऊन शिकारीला गेले होते. त्यांच्या वाट्याला आलेलं मांस बाबांनी स्वतः कापून वाऱ्यावर टांगलं होतं. आता वाळलं. अर्धं तुझं.

ती त्यांच्या हातची शेवटची गोष्ट होती. थडगं नव्हतं, त्या जागी एवढंच होतं. मला हे माहीत नव्हतं असं म्हणून सुटता येईल का, हे मी पुष्कळदा तपासलं. वडील गेलेल्या मुलाला आईनं पाठवलेलं पार्सल होतं, इतकं मला माहीत होतं. तेवढं पुरेसं होतं.

तू फ्राऊ क्लेटवर ओरडलास. ती म्हणाली, मी हात लावलेला नाही, कोठीत ठेवल्यानंतर तर नाहीच. तू तिला खोटारडी म्हणालास. वसतिगृह चर्चचं होतं; देखरेख करणाऱ्या पाद्र्यांनी सगळ्यांना एकेक करून बोलावलं. मला ते म्हणाले, "हेर मगदूम, तुम्ही मुंगीसुद्धा मारत नाही. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. तुम्ही काय पाहिलंत?"

मी म्हणालो, "मी फ्राऊ क्लेटला ते पार्सल उचलून नेताना पाहिलं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तिनं ते उचलून कोठीत नेलं, ते मी पाहिलंच होतं. पाद्र्यांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं नाही. मीही पुढचं बोललो नाही.

नोकरी गेली असती तर तळघरातली खोली गेली असती, आणि बहिणीला घेऊन ती कुठं जाणार होती? म्हणून न केलेल्या गोष्टीची माफी तिनं मागितली. रविवारच्या जेवणाच्या वेळी, वसतिगृहाच्या तीस मुलांसमोर, एप्रन काढून हातात धरून. तू ताटाकडे बघत म्हणालास, "ठीक आहे." त्यानंतर तू तिच्याशी कधी बोलला नाहीस.

मला ती नंतर जिन्यात भेटली. "हेर मगदूम, तुम्ही मला पाहिलंत?"

"जा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या सकाळी मी दोनदा आंघोळ केल्याचं तिला माहीत होतं. गरम पाणी फक्त शनिवारी असे, आणि बाथरूम तीच पुसायची. "आल्झो गुट, बरं तर," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी चार वाजता दार वाजलं. हातात किल्ल्या. पण कपाटं पुसायला ती थांबली नाही. दार उघडून निघून गेली. मी असेपर्यंत रोज तसंच. तिनं मला एक दिवसही उपाशी ठेवलं नाही.

पुढचं आयुष्य आपण दोघांनी इथंच काढलं. तू नेकारसुल्मच्या कारखान्यात लागलास, मी हायडेलबर्गलाच राहिलो. साठच्या दशकात तू पहिली जुनी गाडी घेतलीस आणि मला फिरवायला नेलंस. त्या गाडीत मी तुला विचारलं, "मार्गारिनचं तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू वाळून चालला होतास. ते सोडलं असतंस तर काय, मीठ-पाव खाल्ला असतास? मी म्हटलं, न कळता खाल्लेलं तुमचा देव माफ करत असेल."

"ते तू कोण ठरवणारा?"

तू गाडी कडेला थांबवलीस. "बरोबर आहे," तू म्हणालास. "मी सांगायला हवं होतं. माफ कर." आणि मग विचारलंस, "माझ्या जागी तू असतास तर सांगितलं असतंस?"

मी म्हणालो, "सांगितलं असतं."

हानुस, यापेक्षा सोपी वेळ मला कधीच आली नाही. तू स्वतःची चूक कबूल करून गाडी थांबवून बसला होतास. आणि तुझी चूक तरी कसली, मी जगावं म्हणून गप्प बसलास. त्याबद्दल मी अजून तुझ्याशी भांडेन. माझ्या तोंडात काय जातंय ते मला सांगायलाच हवं होतंस. पण तू माफी मागितलीस. मी खिडकीतून द्राक्षांचे मळे बघत राहिलो.

त्या वर्षी लग्न होऊन माझी पत्नी इकडे आली. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आजच्या आज सांगून टाका त्यांना." दर दिवाळीला तू आमच्याकडे फराळाला आलास की ती माझ्याकडे नुसतं बघायची. पुढे बघायची थांबली. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. फ्राऊ क्लेटलाही मी शोधलं, फार उशिरा. तिच्या थडग्याची मुदत संपली होती, नव्यानं भाडं भरणारं कुणी नव्हतं, म्हणून दगड काढून ती जागा दुसऱ्या कुणाला दिलेली होती. दफनभूमीच्या कचेरीतल्या बाईनं विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?" मी नाही म्हणालो.

आणि तू ती गोष्ट सांगत राहिलास. सुरुवातीला रागानं, मग हसत. मार्युनच्या लग्नात तू ग्लास हातात घेऊन ती सांगितलीस, आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "हा माझा साक्षीदार! आयुष्यात खोटं न बोललेला एकमेव माणूस." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला.

देवमासे मारू नयेत असं मला आजही वाटतं. तुझ्या गावचेही, दक्षिण समुद्रातलेही. ते मी मागे घेत नाही, आणि घेतलं असतं तर तू मला ढोंगी म्हणाला असतास. आता तर तुमचे डॉक्टरच ते मांस खाऊ नका म्हणतात, कारण आमच्यासारख्यांच्या कारखान्यांनी समुद्रात सोडलेला पारा त्यात उतरलाय. हे मला सांगताना तू म्हणालास, "बघ मगदूम, शेवटी तूच जिंकलास." तू हसत नव्हतास. आपलं भांडण समोरासमोर होतं तोवर त्यात काही वाईट नव्हतं. मी ते तुझ्या पाठीमागे, नदीवर जाऊन संपवलं, आणि त्याची किंमत एका तिसऱ्याच बाईला द्यायला लावली. अहिंसेचं व्रत मी एका मेलेल्या देवमाशासाठी पाळलं आणि सत्याचं व्रत एका जिवंत माणसावर मोडलं.

गेल्या गुरुवारी मी मार्युनला फोन केला. तीन वाक्यांत सांगून टाकलं. ती म्हणाली, "ओंकल, हे मला फोनवर सांगून चालणार नाही. ज्यांना तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, त्या सगळ्यांना रविवारी बोलावते. या."

काल गेलो. त्याच टेबलाभोवती तेच लोक होते. या वेळी केक नव्हता. मी उभा राहिलो; आवाज काढले नाहीत, हातवारे केले नाहीत. पार्सल, नदी, पाद्री, एप्रन. इतक्या वर्षांचं जर्मनही काल अडखळत होतं, तरी कुणी शब्द पुरवला नाही. संपल्यावर लेनानं विचारलं, "म्हणजे आजोबा आयुष्यभर चुकीच्या बाईवर रागावले होते?"

"जा."

"आणि तुम्ही त्यांना रागावू दिलंत?"

"जा."

"का?"

याचं उत्तर मी साठ वर्षं तयार ठेवलं होतं. आईला दिलेला शब्द, मार्गारिन, माझी भीती. तिच्या तोंडाकडे बघितल्यावर ते सगळं बाजूला ठेवलं. मी म्हणालो, "तुझे आजोबा माझ्याकडे येत राहावेत म्हणून."

मार्युननं माझा कोट आणून दिला, दारापर्यंत आली. दरवेळी ती मला गालाला गाल लावून निरोप देते आणि पुढच्या वेळी कधी येणार ते विचारते. काल तिनं माझा हात हातात घेतला, सोडला, आणि म्हणाली, "पायरी बर्फानं निसरडी आहे, ओंकल. जपून." मी खाली उतरेपर्यंत ती दारात उभी होती. मग तिनं दार लावलं, आणि आत लेनाला तिनं विचारलेलं मला ऐकू आलं: फ्राऊ क्लेटचं स्वतःचं नाव काय होतं, ते कधी बोलले का?